समुपदेशकाकडे माणसे येतात कशी?

बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले, तेव्हा दर दहा प्रौढांपैकी किमान एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आणि निरनिराळ्या आजारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नसल्याचे आढळले. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण येथील चित्र फार निराळे असेल असे मानण्यास आधार नाही. एवढी मोठी गरज असलेल्या समाजात मानसोपचाराचा खासगी व्यवसाय सुरू करणाऱ्याला कामाची वाण पडू नये, असे वरवर पाहता वाटते. तरीही पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांत पदव्युत्तर शिक्षण संपवून, खोली भाड्याने घेऊन आणि दारावर पाटी लावून बसलेल्या नव्या समुपदेशकाचे सुरुवातीचे महिने अनेकदा रिकाम्या तासांतच जातात.

गरज मोठी आणि मागणी तुटपुंजी, या विसंगतीमागे केवळ लाज किंवा अज्ञान नसते. झोप न लागणे, छातीत धडधडणे, सतत थकवा जाणवणे, कशातच मन न रमणे या तक्रारी घेऊन माणूस प्रथम ओळखीच्या डॉक्टरकडे, घरातील वडीलधाऱ्यांकडे, काही ठिकाणी देवऋषी किंवा भगताकडे जातो, कारण आपल्या त्रासावर बोलून होणारा काही उपचार आहे, हेच त्याच्या ध्यानी आलेले नसते. आणि ते ध्यानी आले, तरी बंद दाराआड अनोळखी व्यक्तीला आपल्या संसारातील अडचणी सांगण्याची तयारी पाटी पाहून होत नाही. विश्वासातल्या कोणीतरी ‘तिथे जाऊन ये’ असे म्हणावे लागते. म्हणून क्लायंट, म्हणजे समुपदेशनासाठी येणारी व्यक्ती, मिळवण्याचा प्रश्न हा मुख्यतः जाहिरातीचा प्रश्न नसून, त्रासलेला माणूस ज्यांच्यावर आधीच विश्वास ठेवतो त्या लोकांना आपली कुवत आणि आपल्या मर्यादा नेमक्या कळवण्याचा प्रश्न ठरतो.

कोणाला काय करता येते

ही कुवत कळवण्यातली पहिली अडचण अशी, की मनाच्या उपचारांशी संबंधित निरनिराळे व्यावसायिक सामान्य माणसाला सारखेच वाटतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि त्याला औषधे लिहून देण्याचा अधिकार असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा मानसिक चाचण्या, निदान आणि मानसोपचार यांचे विशेष प्रशिक्षण घेतलेला मानसशास्त्रज्ञ असून, १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी होते. समुपदेशक हा शब्द मात्र भारतात दीर्घकाळ कोणत्याही सक्तीच्या परवान्याविना वापरला गेला, त्यामुळे मानसशास्त्रात एम. ए. करून देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम केलेली व्यक्ती आणि काही आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेली व्यक्ती यांच्या पाट्यांवर एकच बिरूद दिसू शकते. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही नोंदणीच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली आहे.

या संदिग्धतेचा तोटा प्रामाणिक नवोदितालाच अधिक होतो, कारण रुग्ण पाठवू इच्छिणारा डॉक्टरही ‘ही व्यक्ती नेमके काय करते’ हे न कळल्यामुळे कचरतो. त्यावर उपाय साधा आहे. शिक्षण, नोंदणी असल्यास तिचा क्रमांक, वापरल्या जाणाऱ्या उपचारपद्धती, कोणत्या वयोगटाशी आणि कोणत्या तक्रारींवर काम केले जाते आणि कोणत्या तक्रारींवर केले जात नाही, सत्राची लांबी आणि शुल्क, एवढा मजकूर मराठीत एका पानावर लिहून ठेवावा आणि तोच सर्वत्र द्यावा. त्यात पद्धतींची नावेही उलगडून सांगावी लागतात. अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेली बोधात्मक वर्तनोपचार पद्धती म्हणजे विचारांच्या ठरावीक चुकीच्या वळणांकडे लक्ष वेधून ती वळणे आणि त्यांना चिकटलेले वर्तन टप्प्याटप्प्याने बदलणे, असे एका वाक्यात सांगितले तर वाचणाऱ्याला आपल्यासमोर काय घडणार आहे याची कल्पना येते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ भावना-वर्तन उपचार पद्धती महाराष्ट्रात पुस्तके आणि कार्यशाळांमुळे बऱ्याच वाचकांना ऐकून माहीत आहे, तिचा उल्लेख मराठी वाचकाला ओळखीचा वाटतो.

आपण सर्वांसाठी सर्व काही करतो, असे सांगणाऱ्याचे नाव डॉक्टरांच्या लक्षात राहत नाही. उलट पुण्यातील सदाशिव पेठेच्या परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांशी, हिंजवडीतील संगणक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांशी, लातूरमध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांसाठी घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांशी, बाळंतपणानंतरच्या नैराश्याने त्रस्त झालेल्या स्त्रियांशी किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांशी विशेष काम करणारी व्यक्ती, अशी ओळख झाली की पाठवणाऱ्याच्या मनात ते नाव योग्य वेळी आपोआप येते. अशी निवड बाजारपेठ पाहून नव्हे, तर आपले प्रशिक्षण कशात झाले आहे हे पाहून करावी लागते. मंत्रचळाच्या, म्हणजे इच्छेविरुद्ध पुन्हा पुन्हा येणारे विचार आणि त्यामुळे करावीशी वाटणारी तीच ती कृती या आजाराच्या, उपचारांत भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचे खास तंत्र लागते, आणि ते न शिकलेल्याने त्या आजारात विशेषज्ञ असल्याचा दावा करणे धोक्याचे असते.

पाठवणाऱ्यांची साखळी

पाठवणाऱ्यांमध्ये सर्वांत महत्त्वाचा दुवा फॅमिली डॉक्टरचा असतो, आणि महाराष्ट्राच्या लहानमोठ्या शहरांत त्यांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधारकांचाही मोठा वाटा असतो. मनाचा त्रास शरीराच्या भाषेत व्यक्त करणारे रुग्ण त्यांच्याच प्रतीक्षालयात बसलेले असतात आणि सर्व तपासण्या निर्दोष आल्यावर पुढे काय करावे, हा प्रश्न त्या डॉक्टरलाही पडलेला असतो. ओळखीच्या दवाखान्यातच समुपदेशन मिळाले तर लोक ते स्वीकारतात, याचा महत्त्वाचा पुरावा शेजारच्या गोव्यातून मिळाला आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली तेथील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत नैराश्य व चिंताविकाराच्या रुग्णांसाठी प्रशिक्षित बिगरवैद्यकीय समुपदेशक नेमून ‘मानस’ नावाचा प्रयोग केला, आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांतील रुग्ण बरे होण्याचे प्रमाण या व्यवस्थेमुळे लक्षणीय वाढले. खासगी दवाखान्यांत तसा फरक स्पष्ट दिसला नाही. म्हणजे डॉक्टरच्या शेजारी नुसती खुर्ची टाकून भागत नाही आणि त्या दवाखान्यात आधीपासून काय मिळत आहे हेही पाहावे लागते. परंतु समुपदेशनाचा मार्ग सर्वसाधारण दवाखान्यातून जाऊ शकतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

डॉक्टरला भेटताना नवोदिताने करावयाची गोष्ट म्हणजे आपल्या पदव्यांचे वर्णन लांबवण्याऐवजी त्याच्याकडे येणाऱ्या कोणत्या रुग्णांची त्याला अडचण होते हे विचारणे, आणि रुग्ण पाठवल्यानंतर पुढे काय होईल हे सांगणे. दुसरी गोष्ट अनेकांकडून राहून जाते: क्लायंटची लेखी संमती घेऊन, त्याच्या खासगी तपशिलांना स्पर्श न करता, ‘भेट झाली, अमुक स्वरूपाचा त्रास दिसतो, इतक्या सत्रांची योजना आहे, औषधोपचाराची गरज वाटल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवू’ एवढ्या आशयाचे चार ओळींचे पत्र डॉक्टरला पाठवणे. पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे कळणारा डॉक्टर पुढचा रुग्णही निर्धास्तपणे पाठवतो.

स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ हेही अशा साखळीचे दुवे असतात. बालरोगतज्ज्ञांकडून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक सावधगिरी लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या ठळक अडचणींचा, समावेश आहे आणि मंडळाच्या परीक्षांत अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळतात. परंतु त्यासाठीचे प्रमाणपत्र प्राधिकृत यंत्रणेकडूनच घ्यावे लागते, त्यामुळे खासगी समुपदेशकाने प्रमाणपत्राची आशा दाखवून पालकांना आकर्षित करणे ही फसवणूक ठरते. वैवाहिक तंट्यांच्या बाबतीत वकिलांशी ओळख उपयोगी पडते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातच न्यायालयासाठी समुपदेशकांची तरतूद असली, तरी प्रकरण न्यायालयात जाण्याआधी मदत घ्यावी असे अनेक जोडप्यांना वाटते. शाळा-महाविद्यालयांचे महत्त्व अलीकडे वाढले आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असे म्हटले आहे. अंशकाळ शाळेत काम करणाऱ्या समुपदेशकाने मात्र तेथील विद्यार्थ्याला स्वतःच्याच खासगी केंद्रात शुल्क देऊन येण्यास सुचवू नये, कारण त्यात शाळेने दिलेल्या अधिकाराचा लाभ स्वतःसाठी घेतला जातो. अशा वेळी इतर दोन-तीन नावे देणे हाच सरळ मार्ग असतो.

नवोदिताला सर्वांत लवकर काम मिळवून देणारा दुवा मात्र त्याच्या स्वतःच्या व्यवसायातच असतो. ज्येष्ठ समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांचे दिवस भरलेले असतात, आणि त्यांच्याकडील प्रतीक्षायादीतील लोकांना विश्वासाने कोणाकडे पाठवावे, हा त्यांचाही प्रश्न असतो. ते कोणाचे नाव सुचवतात हे बहुधा सुपरव्हिजनवर, म्हणजे नावे लपवून आपल्या प्रकरणांची अनुभवी तज्ज्ञासमोर नियमित चर्चा करण्याच्या प्रथेवर, अवलंबून असते, कारण एखादी व्यक्ती कसे काम करते हे कळण्याची दुसरी संधी सहकाऱ्यांना सहसा मिळत नाही.

जाहिरातीला असलेल्या मर्यादा

इतर व्यवसायांत सर्रास चालणाऱ्या अनेक युक्त्या येथे वापरता येत नाहीत, आणि त्यांतील पहिली म्हणजे कमिशन. रुग्ण पाठवल्याबद्दल रक्कम देण्याघेण्याच्या, कट प्रॅक्टिस या नावाने बदनाम झालेल्या, पद्धतीला डॉक्टरांच्या बाबतीत २००२ च्या व्यावसायिक आचरण नियमांनी मनाई केली आहे. समुपदेशक त्या नियमांखाली थेट येत नसला, तरी पाठवण्यामागचे कारण पैसा आहे हे कळताच क्लायंटचा विश्वास संपतो, आणि या उपचारात विश्वासाखेरीज दुसरे औषध नसते. दुसरी युक्ती म्हणजे समाधानी ग्राहकांचे अभिप्राय. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत चालू क्लायंटकडून प्रशस्तिपत्रे मागण्यास मनाई आहे, कारण उपचार घेत असलेली व्यक्ती आपल्या समुपदेशकाला नकार देण्याच्या स्थितीत नसते. भारतात तो नियम बंधनकारक नसला तरी त्यामागचा विचार सर्वत्र लागू पडतो. गूगलवर कोणी आपणहून अभिप्राय लिहिला तर त्याला उत्तर देणेही अवघड असते, कारण ‘आपण आलात याबद्दल आभार’ एवढे लिहिले तरी ती व्यक्ती क्लायंट असल्याची जाहीर कबुली दिली जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, त्यामुळे समाजमाध्यमांवर ‘माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट’ अशा धाटणीचे लेखन, नाव बदलले तरी, लहान शहरात ओळख उघड करून त्या हक्काचा भंग करू शकते.

याचा अर्थ समाजासमोर येऊच नये असा नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा महाराष्ट्राच्या गावोगावी पसरली असून, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे आणि पालक सभा यांना मानसिक आरोग्यावरील वक्ते हवेच असतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या ‘आय.पी.एच.’ या संस्थेचा अनुभव असा, की उपचारांच्या जोडीने व्याख्याने, लेखन आणि सार्वजनिक उपक्रम सातत्याने केल्यास मनाच्या आजारांविषयीचा संकोच कमी होतो. व्याख्यानात आजारांची वर्गवारी सांगण्यापेक्षा ‘रात्री दोन वाजता जाग येते आणि मग विचार थांबत नाहीत’ अशा लोकांच्या स्वतःच्या तक्रारींपासून सुरुवात केली, तर श्रोता स्वतःला ओळखतो. मात्र व्याख्यानानंतर लगेच रांग लागेल ही अपेक्षा व्यर्थ असते. ऐकलेले नाव माणसाला अनेकदा काही महिन्यांनी, घरात प्रत्यक्ष प्रसंग उद्भवल्यावर आठवते.

उंबरठ्यावरच्या अडचणी

नाव कळलेल्या माणसाला प्रत्यक्ष दारापर्यंत येण्यात ज्या अडचणी असतात, त्यांचा विचार नवोदित क्वचित करतो. लहान गावात मनोविकार केंद्राच्या पायऱ्या चढताना कोणी पाहील ही भीती खरी असते. म्हणून दंतवैद्य, नेत्रतज्ज्ञ यांच्यासोबत एखाद्या पॉलिक्लिनिकमध्ये आठवड्याचे ठरावीक तास बसण्याची सोय भाड्याच्या दृष्टीने स्वस्त आणि क्लायंटच्या दृष्टीने निर्धोक ठरते. दोन भेटींच्या मध्ये पंधरा मिनिटांचे अंतर ठेवल्यास जाणारा आणि येणारा समोरासमोर येत नाहीत. नोकरदारांसाठी संध्याकाळचे आणि रविवार सकाळचे तास मोकळे ठेवणे, व्यवसायासाठी वेगळा दूरध्वनी क्रमांक असणे आणि आलेल्या प्रत्येक फोनला त्याच दिवशी उत्तर देणे, या किरकोळ वाटणाऱ्या बाबींवर बरेच काही अवलंबून असते, कारण धीर करून केलेला फोन उचलला गेला नाही तर तो पुन्हा केला जाईलच असे नाही.

फोन करणारी व्यक्ती पुष्कळदा क्लायंट नसतेच. ‘आमच्या मुलाला जरा समजवा’ म्हणणारी आई किंवा ‘तिला भेटा, तिचा राग फार वाढलाय’ म्हणणारा नवरा पलीकडे असतो. अशा वेळी सत्रात बोललेले नातेवाइकांना सांगितले जाणार नाही, जिवाला धोका असल्यास किंवा बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास मात्र कायद्यानुसार गोपनीयतेला मर्यादा येतात, हे पहिल्याच बोलण्यात स्पष्ट करावे लागते. शुल्काबाबतही आडपडदा नसावा. रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक द्यावी असे २०१७ चा कायदा सांगत असला, तरी आठवड्याच्या समुपदेशन सत्रांचा खर्च बहुतेक क्लायंटना स्वतःच्या खिशातून करावा लागतो. म्हणून ठरलेल्या काही जागा कमी शुल्काच्या ठेवणे, आणि ते दर कोणाला लागू होतील हे आधीच ठरवणे, दरवेळी दयेपोटी सूट देण्यापेक्षा अधिक टिकाऊ असते.

दूरस्थ सत्रांमुळे परदेशातील मराठी माणसे हाही एक वर्ग समोर आला आहे, कारण वर्षानुवर्षे इंग्रजीत वावरणाऱ्यालाही आईवडिलांविषयीचा राग किंवा अपराधभाव मायबोलीत सांगणे सोपे जाते. तथापि अमेरिकेत मानसोपचाराचा परवाना राज्यागणिक दिला जातो आणि क्लायंट ज्या राज्यात बसलेला आहे तेथील नियम सामान्यतः लागू होतात. शिवाय संकटाच्या प्रसंगी हजारो मैलांवरून मदत पोहोचवण्याची व्यवस्था हाताशी नसते. या दोन गोष्टींचा विचार न करता केवळ डॉलरमधील शुल्क पाहून हे काम स्वीकारणे अविचाराचे ठरते.

आकड्यांचा हिशेब

या सर्व प्रयत्नांतून किती माणसे यायला हवीत, याचा हिशेब फारसा अवघड नाही. समजा, एखाद्या समुपदेशकाला आठवड्याला वीस सत्रे हवी आहेत आणि प्रत्येक क्लायंट आठवड्यातून एकदा याप्रमाणे सरासरी आठ सत्रांसाठी येतो, तर त्याला महिन्याला साधारण दहा नवे क्लायंट लागतील. पण पहिल्या दोन-चार भेटींनंतर लोक येईनासे झाले आणि सरासरी चारवर आली, तर तेवढ्याच कामासाठी महिन्याला वीस नवे क्लायंट शोधावे लागतील. म्हणजे बाहेर ओळखी वाढवण्याइतकेच, आलेल्या माणसाला पहिल्या सत्राच्या अखेरीस आपले म्हणणे ऐकले गेले असे वाटते का आणि पुढे काय करायचे हे कळते का, याकडे लक्ष देणे व्यवसायाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे असते. प्रत्येक नव्या क्लायंटला आपले नाव कोठून कळले हे विचारून नोंद ठेवली, तर वर्षाच्या शेवटी कोणत्या प्रयत्नांना फळ आले आणि कोणते वाया गेले हे अंदाजाऐवजी वहीतून कळते. तोवर महाविद्यालयातील तासिका, संस्थेतील अंशकाळ काम किंवा रुग्णालयातील नोकरी हाताशी ठेवणे शहाणपणाचे असते, कारण भाड्याच्या चिंतेत असलेल्या समुपदेशकाला आपल्या आवाक्याबाहेरचा क्लायंट नाकारणे जड जाते.

आणि नाकारता येणे हीच या व्यवसायातील खरी कसोटी असते. दारूच्या व्यसनात खोल अडकलेल्या व्यक्तीला १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या व्यसनमुक्ती केंद्राकडे, भ्रम आणि भास होत असलेल्याला मनोविकारतज्ज्ञाकडे, पैसे नसलेल्याला शासकीय रुग्णालयाकडे किंवा १४४१६ या ‘टेली-मानस’च्या मोफत दूरध्वनी सेवेकडे पाठवणारा समुपदेशक त्या दिवसाचे शुल्क गमावतो. पण त्याचे ‘हे माझ्याकडचे काम नाही’ हे शब्द डॉक्टर, शिक्षक आणि कुटुंबीय लक्षात ठेवतात, आणि त्यामुळेच त्याच्या ‘हे मी करू शकतो’ या शब्दांनाही किंमत येते. शिवाय चांगला मानसोपचार क्लायंटला आपली गरज उरू नये यासाठीच केला जातो, त्यामुळे हा व्यवसाय आपले क्लायंट सतत गमावत राहतो. गरज संपल्यावरही सत्रे लांबवून ती गळती थांबवणारा समुपदेशक काही महिन्यांचे उत्पन्न टिकवतो. वेळेवर निरोप देणाऱ्याचे नाव मात्र बरा झालेला माणूस, स्वतःविषयी फारसे न बोलता का होईना, गरज पडलेल्या दुसऱ्या माणसाला सांगतो.